थोड्या काळाचे गव्हर्नर

ते आमच्या विभागात रुजू झाले त्या सकाळी मी त्यांना त्यांची खोली दाखवली, किल्ली दिली आणि काही लागले तर सांगा, असे म्हणून निघाले. तेव्हा मला थांबवून त्यांनी अतिशय सौजन्याने विचारले, "तुमच्यानंतर कोण?"

दोह्यातल्या एका अमेरिकी विद्यापीठाच्या शाखेत समन्वयक म्हणून मिळालेली ही माझ्या आयुष्यातली पहिली नोकरी होती, आणि तीही चाळिशी उलटल्यावर. पुण्यात केलेले राज्यशास्त्राचे एम.ए. इतकी वर्षे कपाटात पडून होते. ते बाहेर काढले त्याला जेमतेम वर्ष झाले होते.

"सर, मला काढणार आहेत का?" मी विचारले.

"तसं मला कुणी सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "पण उद्या तुम्ही आला नाहीत, तर ह्या किल्ल्या कुणाकडे असतील?"

पुढे कळले, की हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात. दारावरच्या गार्डला विचारत, चहा करणाऱ्या केरळी चाचांना विचारत, आणि एका बैठकीत त्यांनी तो आमच्या डीनबाईंनाही विचारला. चाचा हसून "अल्ला जाने, सर," म्हणाले. डीनबाई त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत.

आमचे बोलणे अर्थातच इंग्रजीत होत असे. मला मात्र ते आता मराठीतच आठवते.

ते अमेरिकेतल्या एका राज्याचे माजी गव्हर्नर होते. वाचकांनी इथे आपले राज्यपाल डोळ्यांपुढे आणू नयेत. तिकडचा गव्हर्नर म्हणजे साधारण आपला मुख्यमंत्री. लोकांनी थेट निवडलेला आणि खरोखर राज्य चालवणारा. हे मात्र त्या पदावर निवडून आलेले नव्हते. ते दुसऱ्या क्रमांकावर, लेफ्टनंट गव्हर्नर होते. निवडून आलेले गव्हर्नर मुदत संपायच्या थोडे आधी राजीनामा देऊन वॉशिंग्टनला मोठ्या जागेवर गेले, नव्यांच्या शपथविधीला अवकाश होता, आणि त्या मधल्या फटीत ह्यांना शपथ देण्यात आली. किती दिवसांसाठी, हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. "थोडा काळ," एवढेच म्हणत.

विद्यार्थ्यांनी तो आकडा पहिल्याच तासाला मोबाइलवर शोधून काढला आणि वर्गात खसखस पिकली. एका कतारी मुलाने हात वर करून विचारले, "सर, तेवढ्या दिवसांत ऑफिसातली सगळी दारं तरी उघडून पाहिलीत का?"

"एक राहिलं," ते गंभीरपणे म्हणाले. "ते कशाचं होतं, हे मला अजून माहीत नाही."

त्यांच्या राज्यात प्रत्येक गव्हर्नरचे तैलचित्र विधानभवनात लावायची पद्धत आहे. ह्यांचेही लागले, पण चित्रकाराला ते रंगवायला ह्यांच्या कारकिर्दीपेक्षा बराच अधिक वेळ लागला. "शेवटी शेवटी तर आम्ही मित्र झालो," ते म्हणत. "मी राज्य केलं त्यापेक्षा त्याच्यासमोर बसलोच जास्त." ते चित्र जिन्याखाली टांगले आहे, अशी माहिती ते कोणतीही खंत न दाखवता पुरवत.

खोलीत त्यांच्यासाठी फिरती, उंच पाठीची खुर्ची होती. तिच्यावर ते कधी बसले नाहीत. टेबलाच्या अलीकडे, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या साध्या खुर्चीवर बसून ते आपले काम करत. त्यामुळे भेटायला येणाऱ्याला त्यांच्या शेजारीच बसावे लागे, आणि दोघे मिळून रिकाम्या फिरत्या खुर्चीकडे पाहत बोलत. येताना आणलेली पुस्तकांची खोकी त्यांनी शेवटपर्यंत फोडली नाहीत. एसीची थंडी बाधते म्हणून बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन असताना आत लोकरी कोट घालून बसत. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. दर गुरुवारी, आठवडा संपताना, टेबल पूर्ण मोकळे करत, पेनसुद्धा ड्रॉवरमध्ये ठेवत आणि म्हणत, "आता रविवारी कुणीही यावं आणि सुरुवात करावी."

आणि फोन. त्यांचा फोन वाजला, की त्यांचा चेहरा पांढरा पडे, आणि तरीही पहिल्याच रिंगला तो त्यांच्या कानाशी असे. जेवताना, जिन्यात, वर्गात शिकवताना, कुठेही. घास तोंडात असला तर तसाच गालात धरून ते "हॅलो" म्हणत. बहुतेक वेळा पलीकडे अल नस्र भागातल्या त्यांच्या इमारतीचा पाणीवाला असे. मी एकदा म्हणाले, "सर, नंतर परत फोन करता येतो." त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती मी स्वतः थोड्या काळापुरती अध्यक्ष झाले तेव्हा.

आमच्या मराठी मंडळाचे उपाध्यक्षपद माझ्याकडे होते, ते मी फारशी बोलत नाही ह्या एकमेव गुणावर. ऑगस्टमध्ये अध्यक्षांची नोकरी गेली आणि ते कुटुंबासह नाशिकला परतले. घटनेप्रमाणे वार्षिक सभेपर्यंत अध्यक्षपद माझ्याकडे आले, आणि सभेच्या आधी गणपती होते.

"अगं, सभेपर्यंतच आहेस," माझे यजमान म्हणाले. ते दुखानला तेल कंपनीत असतात आणि गुरुवारी रात्री घरी येतात. "तेवढे दिवस खुर्ची गरम ठेव, बास. काही करायला जाऊ नकोस."

हे मी गव्हर्नरांना सांगितले तेव्हा ते पहिल्यांदा मोकळेपणाने हसले. "माझ्या बायकोनं हेच सांगितलं होतं, मॅडम प्रेसिडेंट." त्या दिवसापासून ते मला तसेच म्हणू लागले.

काही न करण्याचाच माझा विचार होता. पण दत्ताचा फोन आला.

दत्ता लातूरकडचा. हमद पोर्टजवळच्या एका कारखान्यात लाकडी खोकी बनवतो, आणि आमच्या गणपतीचे मखर दर वर्षी तोच करतो. आमचा गणपती आम्ही राहतो त्या कंपाउंडच्या, म्हणजे भिंतीआडच्या बंगल्यांच्या वसाहतीच्या, हॉलमध्ये बसतो. दत्ता आणि त्याचे सोबती आदल्या दिवशी मखर बसवून देत, वायरी जोडत आणि निघून जात. शुक्रवारच्या आरतीला ते कधी नसत, कारण आरती फक्त फॅमिलींसाठी होती. इथे, गावाकडे बायको, मुले आणि म्हातारे आईवडील असलेला माणूसही एकटा राहत असेल तर त्याला बॅचलरच म्हणतात, आणि बॅचलरना आमच्यासारख्या कंपाउंडांत प्रवेश नसतो. मंडळाने कंपाउंडचा हा नियम कधीतरी आपलाच करून घेतला होता. निमंत्रणावर तो आमच्याच शब्दांत छापलेला असे.

"ताई," दत्ता म्हणाला, "मखर बसवून दिलं की आमी जाताव बगा, दरसाली. आवंदा तेवढं आरतीला हुबं ऱ्हाऊ द्याल का? मागं, दाराजवळ. पर्साद न्हाई दिला तरी चालतंय."

"घरी बसतो ना तुमच्याकडे गणपती?"

"बसतो की. बायको व्हिडिओ लावती. पर तिचा बी हात आरतीत आसतो, मंग फोन कुटंतरी टेकवती. मला निस्तं छत दिसतंय."

मी "बघते" म्हणून फोन ठेवला, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

समितीच्या ग्रुपवर मी फार जपून शब्द निवडून विषय मांडला. आमचे खजिनदार, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांचा लगेच फोन आला.

"वहिनी, तुमचं मन मोठं आहे, मान्य. पण उद्या हॉल काढून घेतला तर बाप्पाला काय पार्किंगमध्ये बसवायचं?"

"मागे उभे राहतील, नाना. आठ-दहा जण."

"आज आठ-दहा. आणि पुढच्या वर्षी तुम्ही अध्यक्ष नसाल. नाही कुणी म्हणायचं? मी?"

नाना वाईट माणूस नव्हे. इथे उघड्यावर पूजेला परवानगी नसल्याने दारे-खिडक्या लावून, टाळ रुमालात गुंडाळून आम्ही आरती करतो आणि विसर्जन अंगणातल्या प्लॅस्टिकच्या टबात करतो, ते सगळे इतकी वर्षे तक्रारीविना पार पडले ह्यात नानांचा वाटा मोठा होता.

मी कंपाउंडच्या व्यवस्थापिकेला भेटले. लेबनॉनच्या त्या हसतमुख बाईंनी मला कॉफी दिली आणि म्हणाल्या, "हॉल फॅमिलींसाठी आहे, हबीबती. तुमच्या व्हिलाचे पाहुणे म्हणून कुणी आलं, तर ती गोष्ट वेगळी. मग जबाबदारी तुमच्या व्हिलाची. तक्रार आली, तर लीज वाढवताना मला ते बघावं लागेल."

आमचे लीज डिसेंबरात संपत होते. मुलगी बारावीला होती आणि तिची शाळा कंपाउंडपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिला मी हे सांगितले तेव्हा ती मोबाइलमधून डोके वर न काढता म्हणाली, "आई, जस्ट फॉरवर्ड इट टू नानाकाका."

त्या गुरुवारी गव्हर्नर टेबल आवरत होते. मी दारात उभी राहून विचारले, "सर, थोड्या काळासाठी आलेल्या माणसानं काही बदलावं का?"

त्यांनी हातातले पेन ड्रॉवरमध्ये ठेवले नाही. मला शेजारच्या खुर्चीवर बसायला सांगितले.

"आमच्याकडे एक नदी आहे," ते म्हणाले. "पलीकडे मोठं गाव, अलीकडे एक वस्ती. मध्ये एक लहानशी बोट माणसं आणि गाड्या ने-आण करायची. खर्च परवडत नाही म्हणून माझ्या आधीच्यांनी ती बंद केली. पुलावरून जायचं तर फार मोठा वळसा. मी ती बोट सुरू केली. माझ्या कारकिर्दीतला तेवढा एकच हुकूम. रोज सकाळी फोन करून विचारायचो, निघाली का बोट? आणि नव्या गव्हर्नरांनी आल्या आल्या ती बंद केली."

"पण तेवढे दिवस तरी लोकांची सोय झाली."

"मीही तसंच म्हणायचो. मग एका बाईंचा घरी फोन आला. बोट सुरू झाली म्हणून त्यांनी पलीकडच्या बेकरीत नोकरी धरली होती. हातातली सोडून. त्या म्हणाल्या, बोट नव्हती तेव्हा आम्ही तुमच्यावर रागावलो नव्हतो."

"तुम्ही काय म्हणालात?"

"बोट बंद आहे, म्हणालो. दुसरं काय सांगणार? नंतर बराच काळ त्या वस्तीतले लोक फोन करत राहिले. पुन्हा सुरू होईल का? ऑफिस नव्हतं, अधिकार नव्हता, फोन मात्र होता. वाजला आणि मी उचलला नाही, असं कधी केलं नाही. नाही म्हणायचं, तर ते निदान मी म्हणावं."

"म्हणजे करू नये."

"मी तसं म्हटलं नाही."

"मग करावं?"

"तसंही म्हटलं नाही. मला अजून ठरवता आलेलं नाही, मॅडम प्रेसिडेंट. तुम्हाला लवकर ठरवावं लागेल. तुमच्याकडे वेळ कमी आहे."

मी काहीच ठरवले नाही. दत्ताला सांगितले, "शुक्रवारी गेटवर या, मी बघते." नानांना सांगितले, "बघू या." दरम्यान समितीने परस्पर एक गोष्ट ठरवली होती. माझ्या विभागात एक गव्हर्नर आहेत हे कळल्यावर त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायचे पक्के झाले. नानांच्या मनात थेट राजभवनच उभे राहिले असावे. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, स्वागताला दोन सुवासिनी आणि गाडी दारापर्यंत आणण्यासाठी मोकळी ठेवलेली जागा, अशी सारी सिद्धता होती. मी दबकत सांगितले, की ते टॅक्सीने येतील. "सिक्युरिटीसाठी तसं सांगतात, वहिनी," नाना म्हणाले.

शुक्रवारी संध्याकाळी दमट उकाडा होता. हॉलमध्ये बायका मोदकांची ताटे मांडत होत्या, आणि मी दर मिनिटाला खिडकीतून गेटकडे पाहत होते. दत्ता आणि त्याचे सोबती भिंतीला लागून उभे असलेले दिसत होते. इस्त्रीचे शर्ट, भांग पाडलेले केस. एकाच्या हातात जास्वंदीची फुले होती. ती ह्या शहरात त्याला कुठे मिळाली, देव जाणे.

मग गेटवरून नानांचा फोन आला. त्यांचा आवाज चिरकला होता. "वहिनी, ताबडतोब या. तुमचे गव्हर्नर बाहेर उभे आहेत."

झाले होते ते असे. गव्हर्नर टॅक्सीतून उतरले. गार्डने रिवाजाप्रमाणे विचारले, फॅमिली? त्यांनी खरे ते सांगितले: बायको अमेरिकेत असते, इथे मी एकटा. गार्ड म्हणाला, मग बॅचलर. आणि भिंतीकडे हात केला. ते निमूटपणे जाऊन दत्ताच्या शेजारी उभे राहिले.

मी पोचले तेव्हा नाना गार्डला सांगत होते, "अरे भाई, वो गव्हर्नर है. उनको अंदर लेना है."

"सर खुद बोला बॅचलर," गार्ड म्हणाला.

"वो वैसा बॅचलर नहीं है."

"ये लोग कैसा बॅचलर है?" गार्डने शांतपणे विचारले. मग त्याने रजिस्टर पुढे केले. "कोई व्हिला नंबर बोलेगा तो मैं लिखेगा. किसका गेस्ट है?"

मी गव्हर्नरांकडे पाहिले. मला वाटत होते, की ते आता काहीतरी म्हणतील. त्यांच्या एका शब्दावर नानांनी त्यांना आत नेले असते, आणि त्यांच्या दुसऱ्या शब्दावर कदाचित सगळ्यांनाच. ते आपल्या बुटांकडे पाहत उभे होते. कपाळावरून घामाचे ओघळ येत होते, आणि कोट त्यांनी हातावर नीट घडी करून घेतला होता. त्यांनी मला जराही मदत केली नाही. दत्ताही माझ्याकडे पाहत नव्हता. तो फुलांवर पाणी शिंपडत होता.

मला लीज दिसत होते, मुलीची शाळा दिसत होती, दुखानहून आलेल्या यजमानांचा चेहरा दिसत होता. मी आमच्या व्हिलाचा नंबर सांगितला.

"सर का गेस्ट एंट्री?" गार्डने विचारले.

"सगळ्यांची. ये सब हमारे गेस्ट हैं."

त्याने एकेकाचे नाव विचारून लिहून घेतले. गव्हर्नरांचे नाव दत्ताच्या खाली आले.

आरती सुरू झाली तेव्हा दारे-खिडक्या लावलेल्या होत्या. आम्हाला हळू म्हणायची सवय झाली आहे. ह्या माणसांना ती नव्हती. दुसऱ्या कडव्यापासून आवाज छताला भिडला. नाना एका हाताने मांडीवर ताल धरत होते आणि दुसऱ्या हाताने 'हळू, हळू' अशी खूण करत होते. माझे लक्ष देवाकडे नव्हते. माझे कान दाराकडे होते, कुणी येते आहे का, बेल वाजते आहे का, ह्याकडे. दत्ता दाराजवळच उभा होता, म्हटल्याप्रमाणे. त्याने फोन उंच धरला होता. छत दिसू नये म्हणून दोन्ही हातांनी अगदी सरळ धरला होता, आणि तिकडे लातूरकडे कुणीतरी तो पाहत होते.

नानांनी गव्हर्नरांना शाल आणि श्रीफळ दिले. ते नारळ घेऊन बराच वेळ उभे राहिले आणि मग मला हळूच म्हणाले, "हे मी कुणाकडे सोपवायचं?" रविवारी पाहते, तर तो नारळ त्यांच्या फिरत्या खुर्चीवर ठेवलेला होता.

पुढचे कित्येक आठवडे मी दारावरच्या प्रत्येक पावलाला दचकत असे. व्यवस्थापिकाबाई एकदा जिममधून निघताना एवढेच म्हणाल्या, "तुमचे पाहुणे फार छान गातात, हबीबती." ह्याचा अर्थ काय लावायचा, ह्यावर यजमान आणि मी रात्र रात्र बोललो. लीज शेवटी वाढले. मात्र त्याआधीच वार्षिक सभा झाली होती आणि नाना एकमताने अध्यक्ष झाले होते. आभार मानताना त्यांनी माझ्या कारकिर्दीचा गौरवाने उल्लेख केला. तो एका वाक्यात आटोपला.

गव्हर्नरांचा करार डिसेंबरात संपला. शेवटच्या गुरुवारी त्यांनी टेबल आवरले. आवरण्यासारखे त्यावर काही नव्हते. मी त्यांना सांगितले, "सर, माझ्यानंतर कोण, ते ठरलं आहे. फिलिपिनो मुलगी आहे नवी. तिला सगळ्या किल्ल्या दाखवल्या." ते इतके आनंदले, की मला संकोच वाटला. नारळ त्यांनी माझ्या हातात दिला. आतले पाणी आटून खोबरे खुळखुळत होते.

"मग, काय ठरलं?" मी विचारले. "बोट सुरू करायला हवी होती का?"

"तुमचं काय ठरलं?"

"अजून काही नाही."

"कळवा," ते म्हणाले. त्यांनी मला फोन नंबर दिला नाही, आणि मीही मागायला धजले नाही.

ह्या वर्षीचे निमंत्रण परवा ग्रुपवर आले. मखराचा फोटो, मोदकांचे चित्र आणि खाली लाल अक्षरांत 'फक्त फॅमिली सभासदांसाठी'. मी नानांना फोन केला. ते मृदूपणे म्हणाले, "वहिनी, मागच्या वर्षी निभावलं. प्रत्येक वेळी निभावेलच असं नाही. आणि कितींचे नंबर तुम्ही एकट्या देणार? ह्या वेळी बाकी कामगारांच्या कॅम्पांतूनही विचारणा झाली आहे." त्यांचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही.

आज संध्याकाळी मी कणीक मळत होते. ओट्यावरचा फोन वाजू लागला आणि पडद्यावर दत्ताचे नाव आले. तो काय विचारणार हे मला माहीत होते. त्याने आपल्या सोबत्यांना काय सांगून ठेवले असेल, त्या सोबत्यांनी पुढे आणखी कुणाला सांगितले असेल, तेही मला दिसत होते. आपण काय उत्तर देणार, हे मला माहीत नव्हते. हात पिठाने भरलेले होते. मुलगी टेबलाशी बसल्या बसल्या म्हणाली, "आई, लेट इट रिंग. कॉल हिम लेटर."

मी पिठाच्या हातानेच, पहिल्या रिंगला, फोन उचलला.

"बोला, दत्ता."